बारा पॉइंट सहा

५ मार्च, बुधवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. ट्रेलरच्या विजेचा प्रश्न शास्त्रशुद्ध सोडवायचा तर नोंदी हव्यात. एकतीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं. अंगणात उभ्या असलेल्या चाकांवरच्या खोलीतले चार दिवे, एक पंप आणि एक टीचभर फ्रिज माझ्यापुढे काय टिकणार?

लक्षण: नळ सोडला, पंप सुरू झाला, की दिवे मंद होतात आणि फ्रिज मान टाकतो.
निदान: बॅटरी.
मुदत: रविवार.

बावीस तारखेला ट्रेलर गाडीला जोडून मी आणि ही समुद्रावर जाणार. निवृत्तीनंतरचा पहिला प्रवास. ठरलेलं आहे.

ही सध्या लेकीकडे. काल मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दवाखान्यातून परस्पर तिकडेच गेली. तिला न्यायला पोचायला मला जरा उशीर झाला, एवढंच. अर्धा तास. आठवड्याभरात येईल. तोवर घर शांत आहे, काम उरकेल.

६ मार्च, गुरुवार

नवी बॅटरी बसवली. मीटर लावला. बारा पॉइंट सहा व्होल्ट. आदर्श!

हिला फोन केला. लेकीनं उचलला. आई झोपलीय म्हणाली. सकाळचे अकरा वाजले होते. औषधांची गुंगी असणार. निरोप ठेवला की बारा पॉइंट सहा आले. लेक म्हणाली, बरं.

दुपारी नळ सोडला. दिवे मंद. फ्रिज बंद.

नवी बॅटरीही सदोष निघाली. हल्ली कशाचाच भरवसा नाही.

८ मार्च, शनिवार

लेक येऊन गेली. जावई गाडीतच बसून राहिले. पाठदुखी असेल.

लेकीकडे हिनं सांगितलेली यादी होती. डोळ्याचे थेंब, चष्मा, चार स्वेटर, बँकेची फाइल, शिलाई मशीन. चष्मा माझ्या शर्टाच्या खिशात सापडला. लेकीनं तो हातात घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि पुसून पर्समध्ये ठेवला.

चहा नको म्हणाली. मी म्हटलं, निदान ट्रेलर तरी बघ. पायरीपर्यंत आली. आत नाही आली.

शिलाई मशीन कशाला, याचा तासभर विचार केला आणि डोक्यात प्रकाश पडला. ट्रेलरला पडदे नाहीत. ही गुपचूप पडदे शिवणार! चौतीस वर्षांच्या संसारात माणूस ओळखता येतो तो असा.

११ मार्च, मंगळवार

दिव्यांची बटणं बदलली. होल्डर बदलले. सगळ्या वायरी सोडवून प्रत्येकीला क, ख, ग अशा चिठ्ठ्या लावल्या. परत जोडल्यावर एक वायर उरली. तिच्यावर चिठ्ठी नाही.

ती तशीच ठेवली आहे. निरीक्षणाखाली.

१२ मार्च, बुधवार. दुपारी १

घरातून केबल ओढून ट्रेलरचा चार्जर लावला. फाट्! घराचं मेन पडलं. पुन्हा वर केलं, पुन्हा पडलं. उरलेली वायर चार्जरच्या आवरणाला टेकली होती, हे तिसऱ्या वेळी लक्षात आलं. निरीक्षण यशस्वी.

शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी कुंपणावरून विचारलं, वहिनी दिसत नाहीत? म्हटलं, लेकीकडे, चार दिवस. ते म्हणाले, आठ झाले की. या लोकांना आयुष्यभर मोजायची सवय. बत्तीसच्या बत्तीस.

१५ मार्च, शनिवार

आज ही स्वतः बोलली. दोन मिनिटं चाळीस सेकंद. प्रकृती उत्तम वाटली. आवाज जरा सपाट, पण फोनची लाइन खराब असेल.

मी सहज ट्रेलरच्या खिडक्यांची मापं सांगितली. तीन खिडक्या, बावीस बाय अठरा. ही म्हणाली, कसली मापं? म्हटलं, काही नाही, असंच, आपलं मशीन नेलंस म्हणून. मग म्हणाली, मी इथे काम घेतलंय. खालच्या दुकानातले कपडे दुरुस्तीला येतात.

हात चालता राहावा म्हणून करत असेल. चांगलंच आहे.

मग मी म्हणालो की त्या दिवशी अर्धा तास जास्तच बसावं लागलं तुला. ही म्हणाली, अर्धा तास?

खरं तर तासभर असेल. दीड तास फार तर. घड्याळ बघितलं नव्हतं.

बावीस तारखेचं विचारायचं राहून गेलं. ती येणार हे गृहीतच आहे, मग मुद्दाम काय विचारायचं?

१८ मार्च, मंगळवार

शेजारच्या डॉक्टरांनी न सांगता एक इलेक्ट्रिशियन बाई पाठवल्या. चाळिशीच्या. गळ्यात टॉर्च, कमरेला पक्कड. मी त्यांना सर्किट समजावून सांगितलं. आकृती काढून दाखवली. ऐकून घेतलं बिचारीनं.

मग म्हणाली, काका, नळ सोडा आणि आता मीटर बघा. बघितला. नऊ पॉइंट एक.

मी म्हटलं, पण मी रोज मोजत होतो. रोज बारा पॉइंट सहा. ती म्हणाली, काका, लोड न देता मोजलं तर सगळं चांगलंच दिसतं.

हे मी नववीच्या मुलांना शिकवत असे.

ट्रेलरखाली आडवी झाली. बॅटरीची अर्थची वायर जिथे सांगाड्याला बोल्टनं आवळलेली असते, तिथे काळा रंग निघाला. रंगाखाली गंज. कुणी रंगवलं हे, असं तिनं विचारलं. गंज धरू नये म्हणून हिवाळ्यात मीच दोन हात दिले होते. बोल्ट न सोडवता, वायर मोकळी न करता, वरूनच. बाईनं पॉलिश पेपरनं जागा घासून लख्ख केली, वायर आवळली. पंधरा मिनिटं.

नळ सोडला. दिवे ढिम्म हलले नाहीत. फ्रिज गुरगुरत राहिला.

जाताना तिनं विचारलं, कोण कोण जाणार? आम्ही दोघं, मी म्हटलं. तिनं घराच्या ओट्यावरच्या एकुलत्या कपाकडे बघितलं असं मला वाटलं. वाटलं असेल नुसतं.

अर्थवर मी आज ना उद्या आलोच असतो.

२० मार्च, गुरुवार

हिला फोन करून सांगितलं. सगळं सुरू झालं! दिवे, पंप, फ्रिज, एकदम! हिनं विचारलं, काय बिघडलं होतं? सांगितलं. मग तिनं विचारलं, त्या दिवशी काय करत होतात तुम्ही?

मी म्हटलं, दुरुस्तीच. ती म्हणाली, नेमकं काय?

फोन ठेवल्यावर आठवून बघितलं. ही रोजनिशी माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

दोन वाजता न्यायला या म्हणून दवाखान्यानं सांगितलं होतं. मी दीडला जुन्या बॅटरीला मीटर लावला. बारा पॉइंट सहा. पटेना. परत लावला. सहा वेळा मोजली. दर वेळी तेच. फोन बाहेर पायरीवर होता. त्यावर तेरा मिस्ड कॉल. तिच्या एका डोळ्यावर पट्टी, आणि चष्मा सकाळपासून माझ्या खिशात. तिला फोनवरचे आकडे दिसत नव्हते. नर्सनं लावून दिले तेरा वेळा. मी पोचलो तेव्हा बाक रिकामा होता, पुसणारा माणूस फरशी पुसत होता. लेक दोन तास गाडी हाकत येऊन तिला घेऊन गेली होती.

साडेपाच वाजले होते. साडेतीन तास.

पण आता अर्थ नीट झालाय. परवा बावीस. मीच ट्रेलर घेऊन तिच्या दारात उभा राहणार. बघितलं की विरघळेल.

२२ मार्च, शनिवार. दुपारी ४.२०. लेकीच्या घरापासून थोडं पुढे, रस्त्याच्या कडेला

साडेबाराला पोचलो. ट्रेलर वळवताना जावयांनी हात दाखवून मदत केली. पाठ बरी दिसली.

ही बाहेर आली. काळा गॉगल, केस कापलेले. चौतीस वर्षांत कापले नव्हते. छान दिसतात. सांगायला हवं होतं.

ट्रेलरमध्ये येऊन बसली. मी चारही दिवे लावले, फ्रिज लावला. नळ तिनं स्वतः सोडला. पाण्याखाली हात धरून बराच वेळ दिव्याकडे बघत होती. म्हणाली, छान झालंय. मनापासून म्हणाली, तिला खोटं जमत नाही. मी चहा केला. ट्रेलरमधला पहिला चहा. साखर विसरलो होतो. प्यायली.

मी म्हटलं, तीनपर्यंत निघालो तर उजेडात पोचू.

ही म्हणाली, मी येणार नाहीये.

आज ना? मी विचारलं.

तिनं गॉगल काढला. डोळा अजून लाल आहे. म्हणाली, मी रागावलेली नाही हो. त्या बाकावर बसले होते ना, पहिला तास वाट बघितली. मग लक्षात आलं की तुम्ही आला नाहीत याचं मला आश्चर्यच वाटत नाहीये. नर्सलाच वाटत होतं. ती बिचारी कावरीबावरी झाली होती, मीच तिची समजूत घालत होते. तेव्हा रडू आलं. पट्टी ओली करायची नाही म्हणून आवरलं.

मी म्हटलं, मला समजलंय आता, बिघाड कुठे होता ते.

हो, ती म्हणाली. बाईंनी शोधला ना?

वरची खोली तिनं घेतली आहे. लेकीनं लांबूनच खिडकी दाखवली. तिला पडदे आहेत.

दिवे मालवून खाली उतरलो. घरातून बाहेर पडताना रोज म्हणतो तेच म्हणालो, येतो मी. बाजाराला निघालो तरी ही आतून म्हणायची, या. पोळ्या लाटता लाटता, मान वर न करता.

आज ती फाटकापर्यंत आली. फाटक धरून उभी राहिली. म्हणाली, सावकाश जा.

ऐकू आलं नसेल म्हणून मी पुन्हा म्हणालो, येतो.

ऐकू आलं होतं.