टोपीवरचा शेंदूर

कोहमारा, मंगळवार. दिवाळी होऊन गेली, १९५४.

आजही अंगणात सवारीच्या मोटारगाडीखाली उरल्यासुरल्या तेलाचं काळं डबकं. आईने त्यावर धानाचा कोंडा टाकला, तोही काळा झाला. पावसाळाभर मी इंजिनच्या सांध्यांतली पॅकिंग बदलत राहिलो, नट आवळत राहिलो, अन् तेल कुठून ना कुठून गळतच राहिलं. काल गोंदियाच्या रस्त्यावर ते संपलं, इंजिन ठोकायला लागलं अन् गाडी बसली. बेअरिंग गेलं, म्हणजे इंजिनच गेलं. सवाऱ्या उतरून पायी गेल्या, गाडी बैल जुंपून घरी ओढत आणली. या गाडीवरच आमचं घर चालतं. चालत होतं.

संध्याकाळी उगाच इंजिनवरची ब्रीदरची टोपी काढून पाहिली. आतली वाफ तिच्याच भोकांतून बाहेर पडते. एकही भोक दिसेना! आई दर दसऱ्याला तिथेच तेलात कालवलेला शेंदूर लावते. टोपी सगळ्यात वर, म्हणून तिच्या लेखी ते गाडीचं डोकं. थरावर थर चढले, वाफ आत कोंडली अन् तेलाला सांध्यांतून बाहेर रेटत राहिली. आणि मी? रोज बोनट उघडून त्याच शेंदराला हात जोडत होतो.

टोपी खरवडून परत बसवली. आता कशाला, कोण जाणे.

तेवढ्यात आई दिवा घेऊन आली. तिला हल्ली नीट दिसत नाही. तिने टोपी बोटांनी चाचपली.

"शेंदूर कोनं काढला रे?"

"मीच."

"मंग गाडी मरंल नाई त काय!"

मी हे लिहितोय अन् ती आत शेंदूर कालवून राहिली आहे.