क्लेमंटसाठी भोंगा

सान पेद्रो, रविवार

प्रिय इथेल,

दादाचा आशीर्वाद घे. मी बरा आहे, खोकलाही कमी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

आपल्या नेव्हिस बेटावरून माझ्यासारखाच इथे कामाला आलेला क्लेमंट वारला. पूर्वी कामगार गेला की साखर कारखाना लांब भोंगा द्यायचा आणि सगळे फाटकाशी जमायचे. आता कारखाना बंद. खांदा द्यायला कोण येणार, या काळजीने मला जेवण जाईना.

शेजारीण अल्ताग्रासिया ओरडली, "आजोबा, रडगाणं पुरे! माझ्या नवऱ्याच्या बोटीला भोंगा आहे ना?"

त्याने तसाच लांब वाजवला. कोण गेलं हे ठाऊक नसतानाही म्हातारे टोप्या काढून फाटकाशी आले.

तू नेव्हिसला घरी बोलावतेस, पण मी इथेच राहतो. रागावू नकोस. तिकडे माझ्यासाठी भोंगा वाजला, तर लोकांना वाटेल, बोट आली.

तुझा दादा,
थिओफिलस