फादर इनासांची जागा

फणसवाडी, ता. शाहूवाडी
८ फेब्रुवारी २०२४

चि. मोना हिस,
अ. उ. आ.

इथं फोनला रेंज नाही, आणि टेकावर चढून बोलावं तर तू नुसती रडतेस. म्हणून लिहितो. शाळेत दर शनिवारी फादर इनास आपल्याला पत्र लिहायला बसवायचे आणि माझं अक्षर बघून कपाळाला हात लावायचे. आजही लावला असता.

मंगळवारी सकाळी ते कोल्हापुरात मिशनच्या दवाखान्यात वारल्याचं कळलं आणि गावात चूल पेटली नाही. आपल्या आबांनी स्वतः शाळेमागच्या फणसाखाली खड्डा खणला. आकाराम, मला इथंच ठेवा, असं फादर त्यांना कितीदा म्हणाले होते. बुधवारी सगळा गाव फाट्यावर उभा होता. त्यांना आणणारी गाडी आलीच नाही. दिवस मावळताना कळलं की सकाळी दहालाच कोल्हापुरात, बाकीच्या फादरांच्या शेजारी, त्यांना माती दिली.

आबा पेटलेत. मिशन चालवणाऱ्या मोठ्या फादरांनी आमचा माणूस चोरला म्हणतात. एकोणीस तारखेला ट्रक भरून माणसं घेऊन जाब विचारायला निघणार आहेत. खणलेला खड्डा मोकळा ठेवू नये, पण त्याला ते कुणाला हात लावू देत नाहीत. तू त्याच दवाखान्यात नर्स आहेस. फादरांनी काही लिहून ठेवलं होतं का? तेवढं कळव. घरी सगळ्यांना माझं विचारणं सांग.

तुझा दादा,
कृष्णात


कोल्हापूर
१२ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

कागद होता, दादा. माझ्यापाशी होता.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी फादरांनी एक पाकीट माझ्या हातात दिलं आणि मोठ्या फादरांना आजच दे म्हणाले. मला फणसवाडीतच पुरा, एवढंच त्यात आहे, असंही सांगितलं. जित्या माणसाच्या मातीची भाषा करू न्हाय, आयुष्य तुटतंय, असं आजी म्हणायची ना? पाकीट देव्हाऱ्यात देवाच्या पाटाखाली ठेवलं. वाटलं, ते पोचलंच नाही तर फादरही जाणार नाहीत. इतकी शिकले, रोज मरणं बघते, आणि अक्कल ही!

चार दिवसांनी त्यांनी विचारलं, दिलंस का. मी दिलं म्हणाले. मग हसले आणि म्हणाले की आता मी निवांत झोपतो.

ते गेले तेव्हा मी कागलला सासरी होते, नणंदेच्या लग्नात. फोन बॅगेत पडून. बुधवारी दोनला कामावर आले तर खाट धुऊन काढलेली. तशीच घरी धावले आणि पाकीट मोठ्या फादरांना नेऊन दिलं. त्यांनी वाचलं आणि चष्मा काढला. मग एवढंच म्हणाले की पोरी, काल मिळालं असतं तर मी स्वतः त्यांना घेऊन गेलो असतो. दिलेली माती आता उकरता येणार नाही.

त्या भल्या माणसाला आबांनी बोलू नये. आबांना हे पत्र वाचून दाखव, गावालाही सांग. मला घास गिळवत नाही. लोभ ठेवण्याजोगी उरले असेन तर ठेव.

तुझी,
मोना


फणसवाडी
१८ फेब्रुवारी २०२४

चि. मोना हिस,
अ. उ. आ.

काल पत्र आलं. आबांना वाचून दाखवलं. फादरांनी दिलंस का विचारलं, ते त्यांनी दोनदा वाचायला लावलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. पत्र माझ्या हातून घेतलं आणि चुलीत घातलं.

मग चावडीवर गेले, मीही मागोमाग गेलो. सगळ्यांसमोर सांगितलं की परवाचं जाणं रद्द. मोनाचं पत्र आलंय. फादरांनीच शेवटाला मन बदललं, माझ्या लोकांशेजारी ठेवा म्हणाले, त्यात मोठ्या फादरांची काही चूक न्हाय. आबांना खोटं बोलताना मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. परत येऊन त्यांनी एकट्यानं खड्डा बुजवला. मी फावडं धरायला गेलो तर हात झटकला.

म्हणून सांगतो, खरं बोलायला आता इकडं येऊ नकोस. तू बोललीस तर आबा खोटे पडतील, आणि या वयात त्यांच्यापाशी शब्दाशिवाय दुसरं काही नाही. मोठ्या फादरांनाही तेवढी विनंती कर. आबांनी तुला आशीर्वाद सांगितलाय, आणि जेवत जा म्हणून सांगितलंय. माझा लोभ होता तेवढाच आहे.

गावानं ऐकून घेतलं. आज सकाळी शाळेत गेलो तर बनाबाई भिंतीवरचा फादरांचा फोटो उतरवत होती. तिची तिन्ही बाळंतपणं त्यांनी रात्री-अपरात्री जीपनं नेऊन केली, ती बनाबाई. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली की चाळीस वर्सं आमच्यात जेवलं, आमच्यात ऱ्हायलं, पर शेवटाला पावणंच निघालं की.

तुझा दादा,
कृष्णात