एका वाक्यात सांगितलेली माय

माय, गेल्या आठवड्यात वर्गात शिकवताना मी मध्येच थांबले. हैदराबादच्या ज्या महाविद्यालयात मी आता भाषांतर शिकवते, तिथल्या एका मुलीने विचारलं होतं, एखादी भाषा दुसरीपेक्षा आखूड असू शकते का? प्रश्न चांगला होता. असा प्रश्न आला की मला किती आनंद होतो, हे तुला ठाऊक आहे. चुलीपुढे बसून, परातीतली भाकर आणि लिंबू फिरवून तुला ग्रहण समजावणारी मी अजून तशीच आहे. मी खडू उचलला, फळ्यावर कापसाने भरलेली बैलगाडी काढली, तिच्या शेजारी दाबून बांधलेली गाठ काढायला हात नेला, आणि हात तिथेच राहिला. ते उदाहरण मी आयुष्यात एकदाच, एकाच माणसाला दिलं होतं. ते खोटं आहे हे देतानाच मला माहीत होतं. मुलींना म्हटलं, उत्तर उद्या देईन. तुला जे उत्तर द्यायचं आहे त्याला मात्र फार उशीर झाला आहे. तू गेलीस त्याला आता दहा वर्षं होतील. तरी क्रमाने सांगते, कारण क्रम सोडला की मी स्वतःला सूट देते.

तेलुगू मुलखातल्या आपल्या गावच्या मराठी शाळेचं स्वयंपाकघर म्हणजे पत्र्याची एक शेड, दोन चुली आणि दोन मोठी पातेली. तू तिथे दुपारचं जेवण रांधायचीस. मी चौथीत असताना वाढायला मदत करत होते. एका मुलीशी माझं भांडण झालं होतं, म्हणून तिच्या ताटात मी वरणाची अर्धीच पळी टाकली. तिने मान खाली घातली. तू मात्र चुलीपाशी असूनही ते पाहिलंस. उठलीस, माझ्या हातातली पळी घेतलीस, तिचं वरण पूर्ण केलंस आणि सगळ्यांसमोर मला म्हणालीस, "नाई वाढायचं तं नको वाढू. पन अर्धं वाढून पुरं वाढल्याचं तोंड करू नको." मला राग आला होता. आज लिहिताना तो पत्रा, तो धूर, ती मान खाली घालून जेवणारी मुलगी, सगळं समोर आहे.

दहावीनंतर मी बेल्लमपल्लीच्या वसतिगृहात गेले. गुडीहत्नूरहून उटनूर, तिथे गाडी बदलायची, मग जंगल, घाट आणि अखेरीस कोळशाच्या धुळीने काळी झालेली झाडं. त्या वाटेवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला तेलुगू अडखळत येत होती. दोन वर्षांनी मी स्वप्नंसुद्धा तेलुगूत पाहत होते. भाषा शिकण्याचा आनंद मी नाकारणार नाही. एकेक क्रियापद उलगडत जावं, आणि काल ज्या बोलण्यात नुसता आवाज होता त्यात आज माणसं दिसू लागावीत, याच्याइतकं सुख मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही. पण त्या सुखाबरोबर आणखी एक गोष्ट मी शिकले, आणि ती कोणी शिकवली नव्हती. खोलीतल्या मुलींनी विचारलं, तुझी आई काय करते? मी म्हणाले, आई शाळेत असते. वाक्य खरं होतं. त्यांनी तुला शिक्षिका समजून घेतलं, आणि मी त्यांना समजू दिलं. पुढे त्या तुझ्याविषयी "टीचरम्मा" म्हणून विचारू लागल्या आणि मी उत्तरं देत राहिले.

मग तो समारंभ. संक्रांतीच्या सुटीच्या आदल्या दिवशी पालकांना बोलावलं होतं, कारण आमच्या तुकडीत मी पहिली आले होते. बाबा तूर काढत होते म्हणून तू एकटीच आलीस. गाडीवरची तेलुगू पाटी तुला वाचता येत नव्हती. दर गाडीच्या ड्रायव्हरला विचारत विचारत तू पोहोचलीस, हातात ज्वारीच्या भाकरी आणि तिळाची चटणी बांधलेलं फडकं. प्राचार्यांनी तुला मंचावर बोलावलं. भले गृहस्थ होते. त्यांनी मला सांगितलं, "आईला त्यांच्या भाषेत बोलू दे, तू आम्हाला तेलुगूत सांग." तुझ्या हातात माईक दिला. मला वाटलं होतं तू लाजशील, नमस्कार करून खाली उतरशील. तू पदर सारखा केलास आणि बोलायला लागलीस. बोललीस, बोललीस, थांबलीच नाहीस. शाळेतली दोन पातेली तुझ्या बोलण्यात आली, पळी आली. मी तुझ्या शेजारी उभी आहे, आणि दुसऱ्या रांगेत माझ्या खोलीतल्या मुली बसल्या आहेत. हे मी तेलुगूत सांगितलं तर टीचरम्मा तिथल्या तिथे नाहीशी होणार. तुझं संपलं. मी माईक घेतला आणि म्हणाले, "अम्मकु चाला संतोषंगा उंदि, अंदरिकी धन्यवादालु." आईला फार आनंद झाला आहे, सगळ्यांचे आभार. सभागृह हसलं, मग टाळ्या पडल्या. तुला वाटलं, तुझं बोलणं आवडलं म्हणून हसले. तूही हसलीस.

परतीच्या गाडीत, घाट सुरू झाला तेव्हा, तू मला कोपराने ढोसलंस. "मी येवढं बोलली. माह्या तोंडाला कोरड पडली. अन् तू एका दमात मोकळी झाली. काऊन व?"

खरं सांगायची ती वेळ होती. मी त्याऐवजी धडा दिला. तुला म्हणाले, तेलुगू ही दाबून बसवलेली भाषा आहे. तिच्यात शब्द एकमेकांना चिकटतात आणि लांब बोलणं आखूड होतं. तुला पटेना, म्हणून मी उदाहरण शोधलं. "जिनिंगला गाडीभर कापूस जातो की नाही..."

"अन् दाबून येवढुशी गाठ निघते!" माझं वाक्य तूच पुरं केलंस. मग थोडा विचार करून विचारलंस, "कापूस तं तेवढाच राह्यते ना पन?"

"तेवढाच."

"एक बोंड बी कमी नाई?"

"नाही, माय."

तू इतकी खूश झालीस की पुढे उभ्या असलेल्या कंडक्टरला हाक मारलीस. "ओ भाऊ, तुमची तेलगू आखूड भाषा हाय म्हन्ते माही पोरगी!"

तो निघाला आपल्याच भागातला. "आखूड कशाची, मावशी? माही बायको तेलगूच बोलते. सकाळी सुरू होते तं दिवस बुडला तरी सरत नाई!"

"तिले दाबता येत नसंल!" तू म्हणालीस, आणि अख्खी गाडी हसली. मीही हसले. माझं खोटं उघडं पडता पडता तूच ते वाचवलंस.

गावात तू ते सगळ्यांना सांगितलंस. पिठाच्या गिरणीवर, पाण्याच्या टाकीवर, शाळेच्या चुलीपाशी. माही पोरगी शिकलेली हाय, तिनं सांगतलं. मी सुटीला आले की बायका मला विचारत, खरंच का व? आणि मी मान हलवत असे.

दोन वर्षांनी तू आजारी पडलीस तेव्हा मी हैदराबादला होते, परीक्षा सुरू होती, आणि तू कोणालाही मला कळवू दिलं नाहीस. शेजारच्या काकूंना घेऊन आदिलाबादच्या एका दवाखान्यात गेलीस. डॉक्टर नवे होते, तेलुगू बोलणारे. मराठी समजणारा कंपाऊंडर मध्ये उभा होता. काकूंनी मला हे तू गेल्यावर सांगितलं, पीठ चाळता चाळता. रांगेत तू बराच वेळ ओठ हलवत होतीस. नंबर आल्यावर म्हणालीस, "पोट दुखते." कंपाऊंडरने विचारलं, आणखी काही? "नाई बापा, तेवढंच सांगा." डॉक्टरांना जेवढं सांगितलं तेवढ्यावर त्यांनी गोळ्या दिल्या, त्यांचा काय दोष? बाहेर आल्यावर काकूंनी तुला झापलं. "व बाई, रोज ताप येते ते काऊन नाई सांगतलं? अन्न जात नाई, पाठीतून कळ निघते, ते?" तू म्हणालीस, "त्यायच्या भाषेत जास्त मावत नाई व. अन् मांगं किती मोठी लाइन होती. दाबून सांगतलं मी. निघते त्याच्यातून सारं."

चार महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरांनी पोट तपासलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून डॉक्टरांना सगळं तेलुगूत नीट, तपशीलवार सांगितलं. तू कौतुकाने ऐकत होतीस आणि मध्येच म्हणालीस, "येवढं लांब काऊन सांगून राह्यली?" तेव्हाही मी ते खोटं तसंच राहू दिलं.

पहिल्याच दिवशी पूर्ण सांगितलं असतंस तर तू वाचली असतीस का, हे मला माहीत नाही. दोन डॉक्टरांना विचारलं. एक म्हणाला कदाचित, दुसरा म्हणाला नाही. मी पद्धतशीर विचार करणारी बाई आहे, आणि पुराव्यापलीकडे जाऊन मी स्वतःला दोषीही ठरवणार नाही. पण तू तुझं दुखणं माझ्या शब्दावर विसंबून कापलंस, एवढं सिद्ध आहे. वर्गातल्या त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मी सांगितलं की कुठलीच भाषा आखूड नसते. सांगणारा आखडता हात घेतो. तिने ते वहीत लिहून घेतलं. मला लाज वाटली, कारण वाक्य छान झालं होतं.

त्यानंतर ठरवलं, मंचावरचं तुझं बोलणं आता पूर्ण तेलुगूत उतरवायचं. आधी तुझ्या बोलीत लिहून काढू, मग भाषांतर करू. दोन संध्याकाळी बसले. तुझ्या बोलीतली जी ओळ लिहिली ती मला नक्कल वाटली, म्हणून हे पत्रसुद्धा या पुस्तकी मराठीत लिहिते आहे. तू असतीस तर विचारलं असतंस, कोन्या गावची बाई हाय ही? पण खरी अडचण बोलीची नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मी तुझं बोलणं कापलं. कापायला ते आधी हातात असावं लागतं. पातेली आली, पळी आली, एवढंच माझ्यापाशी आहे. पळीविषयी तू काय म्हणालीस? त्या दिवसाचं वरण सांगितलंस का? माझं नाव घेतलंस का? मला माहीत नाही, माय. मी ऐकतच नव्हते. मी दुसऱ्या रांगेतल्या मुलींची तोंडं पाहत होते.

हे पान वर्गाच्या टिपणांमध्ये ठेवून देते. याला पाठवायची जागा नाही. भाषांतराच्या कागदावर वरती "अम्मा" लिहिलं आहे, मधलं सगळं कोरं आहे. तळाशी मात्र एक ओळ आहे, कारण ती तू माईक बाजूला करून, माझ्या कोपराला हात लावून, फक्त मला म्हणाली होतीस आणि तेवढी मी ऐकली होती. "झालं माहं. आता तू सांग."