काचेपलीकडे आई

प्रिय ताई,

फोनच केला असता, पण आईचं नाव निघालं की तू विषय बदलतेस. म्हणून लिहितोय.

माझं काम तुला ठाऊक आहेच. पेशंटला स्कॅनच्या टेबलावर झोपवायचं आणि काचेमागून माइकवर सांगायचं, ‘श्वास घ्या, रोखा, सोडा.’ बाहेर आल्यावर जो तो आधी आमच्या तोंडाकडे बघतो. ‘काही दिसलं का हो?’ डॉक्टर सांगतील, म्हणायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. आता घरीही तसाच बसतो म्हणून बायको चिडते.

परवा टेबलावर आई होती. पोट केव्हाचं दुखत होतं, कपडे ढगळ व्हायला लागले होते, पण तिने कोणाला पत्ता लागू दिला नाही. आमच्या सिस्टर म्हणाल्या, ‘तुम्ही नका बसू, दुसऱ्या कोणाला बोलावते.’ मीच हट्टाला पेटलो. ओळखीचा आवाज असला की तिला धीर येईल, असं वाटलं. ती तर मजेत होती. ‘हा झगा मागून उघडाच आहे रे, शिंप्याचं कापड संपलं का?’ सिस्टर खो खो हसल्या.

पहिल्या फेरीची चित्रं पडद्यावर आली. ताई, यकृतभर डाग होते. दुसऱ्या फेरीला ‘आई, श्वास रोख’ म्हणालो आणि पुढचा शब्द तोंडातून निघेचना. ती बिचारी आत शहाण्या मुलीसारखी श्वास धरून पडून राहिली. शेवटी सिस्टरनी माइक स्वतःकडे ओढला. ‘सोडा, आजी. सोडा श्वास.’

स्कॅनच्या औषधासाठी तिच्या हाताला लावलेली सुई मीच काढली. सगळे विचारतात, तिने विचारलं नाही. ‘दुखलं नाही हो मला,’ एवढंच म्हणाली, उलट माझीच समजूत काढल्यासारखं.

रिपोर्ट आलाय. उपचारांची वेळ निघून गेली, आता दुखू नये एवढंच बघायचं, असं डॉक्टर म्हणाले. तुला कळवतो म्हटलं, तर तिने मला शपथ घातली. ‘भांडून गेलीय ती. माझी कीव येऊन आलेली मला नको. यायचं तर आपणहून येऊ दे.’ ती शपथ मी आज मोडतोय. लगेच नीघ. सहज आले म्हणून सांग. तुझं खोटं तिला दारातच कळेल. कळू दे. तू ये.

तुझाच,
धाकटा