लीड्समध्ये सापडलेलं जुन्नर

ती. आण्णांना अश्विनीचा वाकून नमस्कार.

आण्णा, इथं लीड्सच्या जुन्या बाजारात मला आपलं जुन्नर सापडलं! फ्रेम केलेलं जुन्या काळातलं छापील चित्र. पेठ, बैलगाड्या आणि मागं शिवनेरी! मी दुकानातच ओरडले, "अहो, हे माझं गाव!"

फ्रेम बघून मात्र तुम्ही लई चिडाल. चारी कोपऱ्यांचे सांधे उघडे. आपल्या फ्रेमच्या दुकानातून असं काम बाहेर पडलं नसतं. काच कापायला आता दादाला बसवता ना? का हात थरथरत असताना तुम्हीच हिरा चालवता?

चित्र मी तुमच्यासारखंच टांगलं. उंचावर, खाली दोन खिळ्यांवर टेकवून, वर दोरी सैल सोडून पुढं झुकवलेलं. खोलीतली मैत्रीण लूसी रोज दोरी आवळून ते भिंतीला चिकटवते. तिला वाटतं पडेल. मी परत झुकवते. तिला म्हटलं, "आमच्याकडं माणसं खाली बसतात, म्हणून फोटो वाकून बघतात."

आईला माझ्या जेवणाची काळजी ना? तिला सांगा, मी अजून खालीच बसून जेवते, आणि आख्खं जुन्नर वाकून माझ्या ताटात बघतं. आता ताटात काही उष्टं टाकायची सोय राहिली नाय.

तुमची,
अशू