धूळ लागत नाही, बाबा

रेगेन्सबर्ग

प्रिय बाबा,

तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाली. इतके दिवस मी तुमच्याविषयी कुणाशी बोलायचंच टाळलं. पण शनिवारी आम्ही आनाबर्गला गेलो, तिथं एक माणूस सहज काहीतरी बोलून गेला, आणि आता तुम्हाला जाब विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

आनाबर्ग हे इथून चारेक तासांवरचं, डोंगरातलं जुनं गाव. पाचशे वर्षांपूर्वी तिथं चांदी सापडली आणि माणसं धावत सुटली. चांदी केव्हाच संपली, गाव मात्र जसंच्या तसं राखलंय. चर्चमध्ये वेदीच्या मागे खाणकामगारांची चित्रं आहेत, दगड फोडणारी, ओझी वाहणारी माणसं, थेट देवाच्या पाठीशी! तुमचे जावई फोटो काढत होते आणि मला नुसता राग येत होता. तुमच्या सोन्याच्या खाणीवर काय उरलंय? तुम्हाला खाली सोडणाऱ्या पिंजऱ्याचं चाकसुद्धा भंगारात गेलं. आपल्या क्वार्टरमध्ये वेड्या बाभळी माजल्यात.

गावाखालची एक खाण बघायला खुली आहे. हेल्मेट घालून आम्ही उतरलो. दाखवायला एक सत्तरीचे आजोबा होते, पूर्वी त्याच डोंगरात ड्रिल चालवलेले. दहा पायऱ्या झाल्या की थांबायचे, हात भिंतीला टेकवायचे आणि खोकायचे. बाबा, तो तुमचा खोकला होता. मी डोळे मिटले असते तर तुम्हीच पुढे चालताय असं वाटलं असतं.

वर आल्यावर मी हळूच विचारलं, टीबी आहे का? बोलता बोलता मी दोन पावलं मागेही सरकले होते. जुनी सवय.

"श्टाउबलुंगं," ते म्हणाले. म्हणजे छातीत बसलेली धूळ. "दगडाची धूळ आहे, बाई. ती कुणाला लागत नाही. माझी नात माझ्या मांडीवर बसून माझ्याच वाडग्यातलं सूप पिते."

त्यांच्या कागदावरही तेच लिहिलंय म्हणे. आजार खाणीत झाला, असं स्पष्ट.

तुमच्या कागदावर काय होतं? क्षय. सव्वीस वर्षं तुम्ही दगडात ड्रिल चालवलंत आणि खाणीच्या डॉक्टरांनी लिहिलं, क्षय. मग तुमचं ताट वेगळं झालं, पेला वेगळा झाला, अंथरूण ओसरीवर गेलं. ते ताट वेगळं घासायचं काम माझ्याकडे होतं. मी ते काठीने पुढे ढकलायचे, बाबा! माझ्या लग्नात सासरच्यांना शंका नको म्हणून तुम्ही मांडवाच्या शेवटच्या खुर्चीत बसलात. कन्यादान काकांनी केलं.

परत आल्यावर मी कॉलिंग कार्ड घेऊन आईला फोन लावला. आजोबांचं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना माहीत होतं गं. बेळगावच्या डॉक्टरांनी छातीची एक्स-रे फिल्म बघून सांगितलं होतं, ही धूळ आहे."

पुढचं तिनं तुटक तुटक सांगितलं. तुम्ही ते खाणीच्या साहेबांना सांगायला गेलात. साहेब म्हणाले, धुळीचं नाव काढलंस तर क्वार्टर सोड. माझी बारावी तोंडावर होती. तुम्ही क्षयाच्या कागदावर सही केलीत आणि नसलेल्या रोगाच्या गोळ्या महिनोन्‌महिने गिळल्यात. आईला शपथ घातलीत, पोरीला कळता कामा नये.

का? सही केलीत ते समजू शकते. साहेबांना भ्यालात, तेही समजते. पण घरात का नाही सांगितलंत? दार लावून एकदा म्हणायचं होतं, नंदा, मला काही नाही, ये बस. मी काय कॉलनीभर बोंबलत फिरणार होते? कदाचित फिरलेही असते, सतरा वर्षांची होते. पण लग्नात तरी? मी इकडे यायला निघाले तेव्हा तरी? त्या दिवशी मी लांबूनच नमस्कार केला. तुम्ही हात थोडा पुढे केलात आणि मागे घेतलात. मला तेव्हा बरं वाटलं होतं. हे आज लिहिताना माझीच मला किळस येते.

तुमच्या त्यागाचे आभार मानायला हवेत ना मी? जमत नाही. तुम्ही मला शिकवलंत, परदेशी पाठवलंत, आणि स्वतःच्या बापाला हात न लावणारी मुलगी करून ठेवलंत. त्यात माझं किती आणि तुमचं किती, हे आता कोण सांगणार?

आई म्हणते, तुमच्याबरोबर ड्रिलवर असणारे शिवाप्पाकाका अजून आहेत. त्यांच्याही कागदावर क्षयच आहे, आणि तेही ओसरीवरच झोपतात.

डिसेंबरात मी येतेय. त्यांना बेळगावला नेऊन छातीची नीट तपासणी करून घेईन. धूळच निघाली तर डॉक्टरांकडून तसं कागदावर लिहून घेईन, आणि तो कागद त्यांच्या सुनेला, नातवंडांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना वाचून दाखवीन. मग त्यांच्या ताटात जेवीन. सगळ्यांसमोर. हा माझा शब्द.

तुमची,
नंदा